माझ्या नावावरचा श्वास

मला दम लागायला लागला तेव्हा मी आधी जिन्यावर राग काढला. आमचं चेरीतालचं घर खाली-वर आहे. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि पुढे गच्ची. लग्न होऊन आले तेव्हापासून तो जिना मी चढून-उतरून राहिले. कधी त्यानं तक्रार केली नाही, मीही नाही. आणि एक दिवस ओल्या कपड्यांची बादली घेऊन वर गेले तर गच्चीच्या दारात मला टेकावंच लागलं. छाती अशी धपापत होती की माझं मलाच नवल वाटलं. खाली येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, हा जिना उंच झाला काय?" हे पेपर वाचून राहिले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "जिना कसा उंच होईल? तू जाड झाली." झालं! संध्याकाळच्या चहापर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

पण गोष्ट जिन्यापुरती राहिली नाही. मी कांचघरकडच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. माझा आवाज असा होता की मी माझ्या वर्गात ओरडले की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प बसत. रिटायर झाल्यावर तो आवाज भाजीवाल्यांच्या वाट्याला आला. एका सकाळी दारावर आलेल्या भाजीवाल्याशी माझं चांगलं जुंपलं होतं. "भैया, ये तोरई है कि लकड़ी?" इथपर्यंत आले, आणि पुढचं वाक्य तोंडात असतानाच श्वास संपला. मी दाराची चौकट धरून उभी. त्या बिचाऱ्यानं हातातला तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "दीदी, आराम से. पहले पानी पी लो." भांडणात समोरच्यानं आपल्याला पाणी विचारावं! मला इतकी लाज वाटली की त्याचे ते सगळे निबर दोडके मी मुकाट्यानं घेतले.

तेव्हा मात्र मला आई आठवली. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी जिन्यात, मग बोलताना, मग बसल्या जागी, आणि पुढच्या दिवाळीला ती नव्हती. तिला नक्की काय झालं ते कोणी नीट सांगितलं नाही, "दम होता" एवढंच. मी मनाशी पक्कं करून टाकलं की आता आपलीही पाळी आली.

मरणाची भीती वाटली नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. वाटली. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. मी गेले तर ह्या माणसाचं काय? आमचे हे फॅक्टरीत मशीनवर होते. मिक्सर, पंखा, शेजाऱ्याची पाण्याची मोटर, काहीही अजून उघडून नीट करून देतील. पण मिठाचा डबा नाकासमोर असला तरी "मीठ कुठे आहे गं?" म्हणून हाक मारतील. स्वतःचं बनियन कोणत्या कप्प्यात असतं ते त्यांना ठाऊक नाही. भूक लागली हेसुद्धा मी "जेवता का?" विचारल्यावर त्यांच्या लक्षात येतं. तब्येत मात्र ठणठणीत. पहाटे उठून फिरायला जाणारा, कधी साधी गोळी न घेणारा माणूस. म्हणजे माझ्या मागे हे खूप वर्षं राहणार आणि उपाशी राहणार, असं मला स्पष्ट दिसून राहिलं होतं.

मग मी त्यांची सोय लावायला घेतली. आधी कुकर शिकवला.

"किती शिट्ट्या?"

"तीन."

"आणि चौथी झाली तर?"

"तर काही होत नाही. गॅस बंद करायचा."

"मग तीनच काहून?"

आता अशा माणसाला काय शिकवणार? तरी शिकवलं. वरणाला फोडणी कशी घालायची ते दाखवलं, त्यात मोहरी जळली, घरभर धूर झाला, मला ठसका लागला. तेव्हा हेच घाबरून म्हणाले, "राहू दे, राहू दे, मी खिचडी खात जाईन." गॅसचा नंबर कसा लावायचा, दूधवाल्याला काय सांगायचं, कामवालीला कधी सुट्टी द्यायची, सगळं त्यांच्याकडून घोकून घेतलं. माझी धाकटी जाऊ इथेच गावात, महाराजपुरला राहते. तिला फोन करून सांगितलं की पुढेमागे मला काही झालं तर भाऊजींचा एक वेळचा डबा तुझ्याकडून. ती एकदम उखडली. "ताई, काहीतरी काय बोलून राहिल्या? चलो, फोन ठेवा." ठेवला, पण तिच्या तोंडून हो म्हणवून घेतल्यावरच ठेवला.

जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही. तिनं भोपाळला माझ्या मुलीला कळवलं. मुलीला मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की दोन वाक्यांत हिंदीत शिरते. "आई, तू डॉक्टरला दाखवून घे ना. नहीं तो मैं आ रही हूँ, सच बता रही हूँ." ती आली असती तर सुट्टीवरून तिच्या घरी रामायण झालं असतं, म्हणून मी गेले डॉक्टरकडे.

छातीचे डॉक्टर तरुणच होते. नळीत फुंकायला लावलं, बोटाला चिमटा लावला, छातीचा फोटो काढला, आणि म्हणाले, "मॅडम, यहाँ कुर्सी पर तो आपकी साँस बढ़िया है." मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, कुर्सी पर तो घर में भी बढ़िया रहती है. सीढ़ी पर नहीं रहती." ते हसले. म्हणाले, "तो फिर घर पर ही नापनी पड़ेगी. काम करते हुए."

मला वाटलं, माणूस पाठवणार की काय. तर त्यांच्याकडे एक पट्टा होता. रुंद इलॅस्टिकचा, छातीखाली गुंडाळायचा, टोकांना चिकटपट्टी, आणि मध्ये काडेपेटीएवढी एक डबी. श्वास घेतला की पट्टा ताणतो, सोडला की सैल पडतो, आणि डबी ते टिपून ठेवते. बांधून देणारी मुलगी हसरी होती, पण सूचना मात्र कडक. "आंटी, नहाते समय उतारना, बाकी चार दिन पूरे टाइम पहनना है. ज्यादा देर उतरा रहा तो रिपोर्ट नहीं बनेगी, सब फिर से करना पड़ेगा. और काम रोज वाला ही करना, आराम मत करने लगना." मशीन त्यांच्याकडे एकच होतं आणि पुढचा नंबर बराच लांबचा, म्हणून मी तिथल्या तिथे बांधून घेतलं.

घरी आले आणि मला श्वासच घेता येईना. म्हणजे घेता येत होता, पण तो कसा घ्यायचा तेच कळेना. आयुष्यभर न विचारता येत-जात होता तो, आणि आता कोणी मोजून राहिलं म्हटल्यावर शाळेत इन्स्पेक्टर आले की पोरं बसतात तसा ताठ बसला. मी मुद्दाम हळू घ्यायचे, मग मध्येच तो कमी पडायचा, मग एकदम मोठा ओढावा लागायचा. मला वाटायचं, हे डबीत काय लिहिलं जाऊन राहिलं असेल? जिना चढताना मी मनात म्हणायचे, नीट घे, नीट घे, आणि त्या नादात पायरी चुकायचे. ह्यांना विचारलं, "तुम्ही श्वास कसा घेता हो?" हे म्हणाले, "नाकानं." अशी आमच्याकडे मदत.

आणि ह्या गोंधळात मी एक गोष्ट साफ विसरले होते. दुसऱ्याच दिवशी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. भाद्रपदातल्या ज्येष्ठागौरींना आम्ही विदर्भाकडची माणसं महालक्ष्म्या म्हणतो. माझे सासरे म्हणायचे, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो, पण महालक्ष्म्या दोन्हीकडे येतात. आमच्याकडे तीन दिवस त्यांचं सगळं घरची बाई करते, पूजासुद्धा. पुरुषांनी आरतीला उभं राहायचं आणि पुरणावर तूप वाढून घ्यायचं. आणि स्वयंपाक सोवळ्यात. धुऊन उंच वाळत घातलेलं, कोणी न शिवलेलं लुगडं नेसायचं आणि नैवेद्य होऊन आपलं जेवण होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही. सासूबाई गेल्या तरी त्यात मी कधी कमी पडू दिलं नाही. बाकी देवधर्माचं माझं बेताचंच आहे, पण हे तीन दिवस माझ्याशी वाद नाही.

सकाळी आंघोळ झाली आणि तो पट्टा हातात घेऊन मी उभी राहिले.

"हा काही सोवळ्यात चालणार नाही," मी म्हटलं.

"मग काढून ठेव," हे म्हणाले.

"ठेवला तर रिपोर्ट होणार नाही म्हणाली ना ती."

"मग घाल."

"घाल म्हणे! इलॅस्टिक? आणि माझ्या आधी कोणाकोणाच्या छातीवर बसून आला असेल तो? त्याच हातानं महालक्ष्मीचं पुरण करू?"

हे जरा विचारात पडले. मशीनचा विषय निघाला की ह्यांचं डोकं चालतं. म्हणाले, "हे बघ, डबीला काय पाहिजे? पट्टा ताणला पाहिजे आणि सैल पडला पाहिजे. छाती कोणाची, हे तिला काय ठाऊक? आण इकडे." आणि सरळ बनियनवर पट्टा गुंडाळून वरून कुर्ता घातला.

मला तर ती युक्ती फारच आवडली. ह्यांचं डोकं ह्यांच्याजवळ आणि माझं गणित माझ्याजवळ. मी मनात म्हटलं, शेवटी डॉक्टर काढणार ती सरासरीच ना? वर्गातल्या ढ पोरांमध्ये दोन हुशार पोरांचे मार्क मिसळले की सगळ्या वर्गाची सरासरी वर येते, हे मी फळ्यावर कितीदा करून दाखवलं असेल. ह्यांचा खणखणीत श्वास माझ्यात मिसळला तर माझं थोडं भलंच होईल. उरलेल्यात मी सांभाळून घेईन. देवी पावली असंच मला वाटलं.

तर ते तीन दिवस आमचं असं चाललं. सोवळं सुटलं की पट्टा माझ्याकडे, सोवळं नेसलं की ह्यांच्याकडे. मधल्या दिवशी जेवणाचा थाट असतो. सोळा भाज्या, पुरण, कढी, भजी, आंबील. मी पहाटेपासून उभी. पुरण वाटताना दोनदा मला दम लागला आणि मी भिंतीला पाठ लावून थांबले. गंमत अशी की पट्टा तेव्हा माझ्या अंगावर नव्हताच, म्हणजे जो दम मोजायचा होता तो कोणी मोजलाच नाही. जाऊबाई महाराजपुरहून आल्या, त्यांना बैठकीत ह्यांच्या कुर्त्याखाली काहीतरी फुगीर दिसलं. "भाऊजी, छातीला काय बांधलं हे?" हे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंचा श्वास." आम्ही दोघी इतक्या हसलो की मला परत टेकावं लागलं. जेवणं झाली, पुरुष मंडळी पांगली, हे आरामखुर्चीत मागे डोकं टेकून पेंगले, आणि आम्ही बायका तिसऱ्या प्रहरी पानावर बसलो. महालक्ष्म्यांचं सगळं नीट पार पडलं ह्याचा मला फार आनंद होता.

पट्टा परत दिला आणि काही दिवसांनी रिपोर्टसाठी गेलो. डॉक्टर ह्या वेळी हसले नाहीत. कागद बघत म्हणाले, "मॅडम, आराम के समय भी साँस ठीक नहीं है. तेज चलती है, फिर धीमी होते-होते बीच में रुक जाती है, फिर शुरू होती है. यह फेफड़े से ज्यादा मुझे दिल का मामला लगता है. दिल की जाँच कराइए, खून की भी. टालिए मत."

 मला सरासरी आठवली. ह्यांचा एवढा चांगला श्वास मिसळूनही हे असं आलं, तर निव्वळ माझा किती वाईट असेल? चांगले मार्क मिसळूनही वर्ग नापास, म्हणजे मूळ पोरांनी काय लिहिलं असेल! पट्ट्याची अदलाबदल डॉक्टरांना सांगावी असं एकदा जिभेवर आलं. पण सांगून काय होणार होतं? आकडा आणखी वाईटच झाला असता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझी पिशवी मांडीवर घेऊन खाली बघत बसले होते. मला वाटलं, त्यांनाही तोच हिशेब सुचला आहे. मला त्यांची इतकी दया आली, की कधी नव्हे ते बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला.

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट लावता येत नाहीत. मी कधी एकदम शांत असायची, कधी भांडी आपटायची. सकाळी उठून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून भीती वाटायची. डॉक्टर म्हणाले आरामातही श्वास बिघडतो. मी खुर्चीत बसून बघायची, तर मला काहीच बिघडलेलं कळायचं नाही. थांबतो म्हणाले, तर कधी थांबतो? आपलाच श्वास थांबून राहिला आणि आपल्यालाच पत्ता नाही, असं कसं? मी लक्ष ठेवून बसायची, लक्ष ठेवलं की तो पुन्हा ताठ व्हायचा. दुसरीकडे ह्यांची शाळा मी आणखी कडक केली. पोळी राहिली, निदान भाकर थापून बघा म्हटलं. कपाटाच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या लावल्या, बनियन, रुमाल, मोजे. हे सगळं मुकाट्यानं करायचे. पूर्वी मध्ये मध्ये "काहून?" विचारायचे, ते विचारणंसुद्धा बंद झालं. मला वाटलं, माणूस आतून खचला.

दिल की जाँच झाली. तपासणाऱ्या बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, सगळं उत्तम आहे. रक्ताचा कागद आला त्यात हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. दोन्ही कागद घेऊन आम्ही परत छातीच्या डॉक्टरांपुढे बसलो. आता डॉक्टरच गोंधळले. कधी एक कागद घ्यायचे, कधी दुसरा. "दिल तो एकदम बढ़िया है आपका. खून कम है, तो सीढ़ी पर साँस फूलेगी ही, गोलियों से ठीक हो जाएगी. लेकिन फिर ये..." आणि पट्ट्याच्या रिपोर्टवर बोट ठेवायचे. "ये समझ में नहीं आ रहा." शेवटी त्यांनी त्या हसऱ्या मुलीला बोलावलं आणि पूर्ण नोंद कॉम्प्युटरवर काढायला लावली.

पडद्यावर नागमोडी रेघ आली. डॉक्टर मला समजावून सांगायला लागले. "ये देखिए, सुबह. आप चल रही हैं, सीढ़ी चढ़ी, साँस बढ़ी, ऊपर जाकर ठीक हो गई. ये सब ठीक है. अब ये देखिए, तीसरे दिन दोपहर. आप कुर्सी पर पीछे टिककर सो रही हैं, और साँस..."

"कौन सो रहा है?" मी म्हटलं.

"आप, मॅडम."

माझा पारा चढला. "डॉक्टरसाहब, महालक्ष्मी का दिन था वो! मैं सुबह से खड़ी थी. सोलह सब्जियाँ बनाईं मैंने. दोपहर में सोने वाली औरत दिखती हूँ मैं?"

ती मुलगी हळूच म्हणाली, "आंटी, डिब्बी को पता चलता है, आदमी खड़ा है, बैठा है कि टिका हुआ है. ये टिका हुआ ही है. काफी देर."

"तो तुम्हारी डिब्बी खराब है," मी म्हटलं, आणि ह्यांच्याकडे वळले, म्हणजे ह्यांनी दुजोरा द्यावा म्हणून. "अहो, सांगा ना ह्यांना. मी त्या दिवशी दुपारी खुर्चीत बसले तरी होते का?"

हे भिंतीकडे बघून राहिले होते.

मला समजायला वेळ लागला. गणिताची मास्तरीण मी, आणि एवढी साधी वजाबाकी मला सुटेना. खुर्ची. दुपार. मागे टेकलेलं डोकं. त्या वेळी मी सोवळ्यात होते. मी सोवळ्यात होते तर पट्टा... मग माझ्या डोक्यात एकदम सगळं उलटं झालं. जो चांगला म्हणून मी मिसळला होता तोच वाईट होता. आणि जो वाईट म्हणून मी रडत होते तो चांगला होता. क्षणभर मला हायसं वाटलं, खरं सांगते, मी वाचले म्हणून हायसं वाटलं, आणि लगेच दुसऱ्या क्षणी मी ह्यांच्या छातीकडे पाहिलं.

"वो मेरी साँस नहीं है," मी डॉक्टरांना म्हटलं. "इनकी है."

"किसकी?"

"इनकी. मैं रसोई में सोवळे में थी, तो पट्टा इन्होंने पहना था."

डॉक्टरांना सोवळं कळलं नाही, पण बाकीचं कळलं. ते खुर्ची सरकवून ह्यांच्यापाशी आले. छातीला नळी लावली, पाठीला लावली. मग पँट वर सरकवून नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खड्डा पडला आणि तो तसाच राहिला. आम्ही सगळे त्या खड्ड्याकडे बघत होतो.

"अंकल, रात को कितने तकिये लगते हैं?"

"दो," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कभी तीन."

मी समजत होते मान दुखते म्हणून घेतात. रोज पहाटे फिरायला जातात ते कुठपर्यंत जातात, हेही डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणे हल्ली कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकावर बसून परत येतो. पायात पाहिलं तर चप्पल. बूट घट्ट होतात म्हणून सोडले होते. ह्या माणसाच्या शेजारी मी रोज झोपते. माझा एकेक श्वास मी मोजून राहिले होते, आणि हातभर अंतरावर हे.

डॉक्टर म्हणाले, दिल कमजोर पड़ रहा है ऐसा लगता है, कितना, वो जाँच में पता चलेगा, कल सुबह ही कराइए. आणखीही काही म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद सांगितलं. मी मान हलवत होते, पण त्यातलं अर्धं मला नंतर त्या मुलीला विचारावं लागलं.

बाहेर दवाखान्याच्या आवारात रिक्षा येईपर्यंत आम्ही उभे राहिलो. उभे काय, हे पायरीवर बसले आणि मी समोर उभी.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"रिपोर्ट आला तेव्हा कळलं. त्याआधी नुसता संशय होता."

"मग तेव्हाच काहून बोलले नाही? इतके दिवस मी मरून राहिली होती, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना," हे म्हणाले. "पण बोललो असतो तर तू आपली तपासणी टाकून माझ्या मागे लागली असती. म्हटलं, आधी हिचं एकदा होऊन जाऊ दे. हिचं ठीक निघालं की सांगू."

आता ह्याला काय म्हणावं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजूबाजूला माणसं होती, रिक्षावाले होते, एक बाई नातवाला केळं भरवत होती, मला कशाचं भान राहिलं नाही. ज्या आवाजानं मी शेजारचा वर्ग गप्प करायची तो सगळा परत आला. "मोठे आले सांगणारे! कुकर शिकवला मी तुम्हाला. मोहरी जाळली तुम्ही, तरी शिकवलं. कप्प्यांना चिठ्ठ्या लावल्या. डबा ठरवून ठेवला. मी गेल्यावर तुम्हाला एक दिवस अडू नये म्हणून जिवाचं रान केलं. आणि तुम्ही गप्प बसून भाकऱ्या थापत होते! तुमची सगळी सोय लावून ठेवली मी. माझी कोणी लावली? तुम्ही गेले तर मी काय करू? सांगा ना. मला काय शिकवून ठेवलं तुम्ही? बोला!"

केळं भरवणारी बाई थांबून आमच्याकडे बघायला लागली. मी रडत होते हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि हात वर केला.

"बोलतो," ते म्हणाले. "जरा थांब. श्वास घेऊ दे."

मी थांबले.